झिलमिलच्या मागावर रामलाल भाऊजी

माझे भाऊजी रामलाल यांच्या पायाला भिंगरी आहे. गुडघा निकामी झाला तरी ती सुटली नाही, हाच आमच्या घराचा ताप. बाई, म्हणजे माझी मोठी बहीण प्रेमिला, म्हणते, "हा मानूस तिरडीवरून बी उठून जंगलात जाईन." असं म्हणते आणि मग स्वतःच डोळे पुसते, त्यामुळे हसायचीही सोय नाही.

बावीस वर्षं भाऊजी नवेगाव बांधच्या जंगलात वनमजूर होते. माग काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणाच्या गोठ्यात अजगर शिरला, कोणाच्या विहिरीत रानमांजर पडलं, की पहिलं बोलावणं त्यांना. जनावर धरायचं, पोत्यात घालायचं आणि गुदमरायच्या आत जंगलात नेऊन सोडायचं. सोडल्याशिवाय त्यांच्या लेखी काम झालंच नाही. दोन वर्षांपूर्वी एका विहिरीत उतरताना दोर सुटला, गुडघा गेला आणि काम बंद झालं. तेव्हापासून खाटेवर बस, उठ, दारात जा, परत ये, गाईला पाणी दाखव, पाच मिनिटांनी पुन्हा पाणी दाखव. गाय वैतागली, पण माणूस काही एका जागी बसेना.

आता तुम्ही म्हणाल, गुडघ्यामुळे. छे, गुडघा हे सांगायचं कारण. खरं कारण अंजू.

अंजू ही त्यांची एकुलती एक पोरगी. तीन वर्षांपूर्वी तिला पुण्यात एका लॅबमध्ये नोकरी लागली. निघायच्या दिवशी सकाळी या माणसाने काय करावं? तिची सगळी सर्टिफिकेटं पत्र्याच्या पेटीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन तीन दिवस जंगलात निघून गेले. पोरगी रडली, ओरडली, मग गप्प झाली. ती नोकरी गेली. परत आले तरी किल्ली देईनात, म्हणून डुप्लिकेट कागद काढण्यात सहा महिने गेले, मग दुसरी नोकरी धरून ती पुण्याला गेली आणि बापाशी बोलणं बंद केलं. आईला रोज फोन, मला आठवड्यातून दोनदा, बापाला शून्य. बाईचा फोन वाजला की भाऊजी खाटेवरून उठून दाराबाहेर जायचे आणि भिंतीला कान लावून उभे राहायचे. मी कितीदा म्हटलं, सरळ माफी मागा ना. तर म्हणे, "माहा फोन ते उचलतच नाही ना बाप्पा." चुकलेच होते ते, मी त्यांची बाजू घेणार नाही. पण रोज तो भिंतीला लागलेला कान मला पाहवत नसे.

बस स्टँडवर माझं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, काच बदलणं, झेरॉक्स. अंजू फोनवर एक गेम खेळते हे मला तिनेच सांगितलं होतं. फोन हातात घेऊन खरोखरचं चालायचं. स्क्रीनवर आपल्याच गावाचा नकाशा येतो, त्यावर पावलांचे ठसे उमटतात, ठशांमागे जायचं आणि जनावर दिसलं की धरायचं. जनावरं सगळी बनावट, कोणाला तीन डोळे, कोणाच्या पाठीवर दिवा. भाऊजींची येरझार पाहून माझं डोकं फिरलं होतं, म्हणून एक दिवस मी तो गेम त्यांच्या फोनवर टाकून दिला. भाषा हिंदी ठेवली, कारण त्यात मराठी नव्हतीच. आणि त्यांच्या नावाने अंजूला मैत्रीची विनंती पाठवली. तिने ती घेतली. बोलली नाही, पण घेतली. एवढ्यावर तो माणूस पाच महिने जगला.

आणि खेळले कसे ते विचारू नका. दुकानात यायचे आणि फोन माझ्या नाकासमोर धरायचे.

"उमेंद्र, हे पाऊल ताजं आहे का शिळं?"

"भाऊजी, गेम आहे तो. त्याच्यात ताजं-शिळं काय राहते?"

"किनार पुसट आहे पाहा. जुनं आहे. याच्या मागं जाण्यात मतलब नाही."

मी हसलो. पण खरंच, पुसट ठशांमागे कधी काही सापडत नसे. दहा वर्षं मी मोबाईलचा धंदा करतो, मला हे कळलं नव्हतं. मीही तो गेम खेळत होतो, पण दोन महिन्यांत भाऊजींचे गुण माझ्या तिप्पट झाले. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात गेममध्ये झिलमिल आली. पाणमांजराचं तोंड, माशाची चकाकती शेपटी. मोठ्या पाण्याजवळच दिसणार, तीही क्वचित, आणि एकतीस तारखेच्या संध्याकाळी सहा वाजता कायमची जाणार. अंजूने गेममध्ये आपल्या नावाखाली लिहिलं होतं की एकशे एकोणीस जनावरं झाली, एक झिलमिल तेवढी बाकी आहे. या गेममध्ये धरलेलं जनावर मित्राला पाठवता येतं. हे सगळं मी भाऊजींना वाचून दाखवलं आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

"मी धरतो," भाऊजी म्हणाले. "धरली की पाठवू. मंग ते एक शब्द तं बोलन."

त्या एका शब्दासाठी माणूस एकोणीस दिवस फिरला. सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दुपारी बसने इटियाडोह धरणावर, तिथे काही नाही म्हणून परत पाळीवर. शेतात धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांचे ढीग, लागले होते, मळणी सुरू होती, बाई एकटी मजूर सांभाळत होती. "लोकाइचे नवरे धान चुरून राहिले," ती माझ्यावर डाफरली, "अना माहा नवरा भुताच्या मागं फिरून राहिला. तूच देलं ना हे खेळनं?" मी मान खाली घातली. पण रोज सकाळी भाऊजींच्या पिशवीत भाकर तीच बांधून द्यायची, आणि संध्याकाळी चूल पेटवता पेटवता, त्यांच्याकडे न पाहता विचारायची, "भेटली का?"

रोज उत्तर एकच. नाही.

पहिला आठवडा ते ठशांमागे पळाले. गुडघा सुजला. मी म्हटलं, बस करा आता, पाय कापावा लागेल. तर गडी दोन दिवस पाळीवर नुसता बसून राहिला, फोन मांडीवर, वही हातात. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मागं पळून नाही भेटत ते. कुठं येते, केव्हा येते, तिथं आधी जाऊन बसा लागते." गेम म्हणे बाहेरचं खरं हवामान पाहून जनावरं सोडतो. भाऊजींनी वहीत लिहून लिहून शोधलं की वारा पडला, पाणी थिर झालं, की पाळीच्या गेटजवळ ठसे उमटतात, दुपारी चारच्या आसपास. पण पोचेपर्यंत ते पुसट झालेले असत. शेवटचे चार दिवस तर वारा पडलाच नाही. भाऊजी घरात जेवताना उठून अंगणात जायचे, बोट ओलं करून वर धरायचे आणि परत ताटावर बसायचे. बाईने एकदा ताटच उचलून ठेवलं.

एकतीस तारखेला मी दोन वाजताच शटर पाडलं. वर्षाचा शेवटचा दिवस, गिऱ्हाइकांची गर्दी, आणि मी शटर पाडलं. का, ते मलाही सांगता येत नाही. मला त्या पोरीचा एक शब्द हवा होता, झालं.

गेटजवळ आम्ही दोघं बसलो. भाऊजींच्या फोनला तिथे रेंज नाही, म्हणून मी माझ्या फोनचं नेट त्यांना दिलं होतं. तीन वाजले, वारा चालूच. साडेतीन झाले. मी चुळबुळ करत होतो, भाऊजी मात्र कधी नव्हे ते स्थिर बसले होते. चारला वारा पडला. दहा मिनिटांनी स्क्रीनवर ठसा उमटला, काळाभोर, कडा धारदार.

"हलू नको," भाऊजी म्हणाले.

झिलमिल पाण्यातून वर आली. या गेममध्ये जनावराभोवती एक गोल येतो, ते वळवळतं तसं बोट त्यासोबत फिरवत राहावं लागतं, जरा घसरलं की पळालं. त्या माणसाने आयुष्यभर अजगर धरले होते. त्यांचं बोट घसरलं नाही. स्क्रीन उजळला, घंटी वाजली, झिलमिल धरली गेली. मी भाऊजींच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांना खोकला आला.

"द्या इकडे, अंजूले पाठवतो," म्हणून मी फोन घेतला. थैली उघडली, म्हणजे जिथे धरलेली जनावरं राहतात ती जागा. तिथे लिहिलं होतं, थैली खाली है.

"भाऊजी, झिलमिल कुठं आहे?"

"सोडली."

"सोडली म्हंजे?"

"ते हिरवं बटन येते ना, 'छोड़ें' लिहून राहते ते. दाबलं. गेली पान्यात."

मी डोकं धरून बसलो. मग मागचा हिशेब उघडून पाहिला. पाच महिन्यांत तीनशे बारा जनावरं धरली होती आणि तीनशे बाराच्या तीनशे बारा सोडली होती. एकही ठेवलं नव्हतं.

"काऊन सोडली?" मी ओरडलोच. "ठेवाची होती ना थैलीत."

"थैलीत कायले कोंडाची? गुदमरते ना." भाऊजी माझ्याकडेच येडा असल्यासारखं पाहत होते. "जनावर जंगलात सोडाचं अना खबर वर पाठवाची. बावीस वर्सं तेच केलं. आता तू खबर पाठव अंजूले, धरली म्हनून."

मी खूप बोललो. एवढी अक्कल नाही का, एकोणीस दिवस कशाला मातीत घातले, माझं दुकान बंद ठेवलं, बाईला एकटीला राबवलं. थैलीत ठेवावं लागतं हे त्यांना सांगायला मीच विसरलो होतो, आणि विसरलो कारण धरलेलं कोणी सोडत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मात्र मी बोललो नाही. भाऊजी ऐकत राहिले. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे अंजूले काईच नाही गेलं?"

"काईच नाही."

ते उठले आणि फोन पुढे धरून पाळीवरून चालायला लागले. गेटपासून वडापर्यंत, वडापासून परत गेटपर्यंत, दुखरा पाय ओढत. पाच वाजले. साडेपाच झाले. एकही ठसा उमटला नाही. वारा पुन्हा सुटला होता आणि त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं, तरी ते थांबेनात. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

मी अंजूला फोन लावला. "तुहा बाप येडा आहे," म्हणून सुरुवात केली आणि सगळं सांगून टाकलं.

"तीनशे बारा?" तिने विचारलं.

"तीनशे बारा."

"त्याच गुडघ्यानं?"

"मंग, दुसरा कुठून आनतील?"

मग म्हणाली, "मामा, फोन दे त्याइले."

मी धावत गेलो आणि फोन भाऊजींच्या हातात दिला. स्पीकर चालू होता, तो बंद करायचं ना त्यांना सुचलं, ना मला.

"बाबा," अंजू म्हणाली. अडीच वर्षांनी. "तीनशे बारा सोडले तुमी. अना माह्या पेटीले कुलूप लावलं."

भाऊजी पाण्याकडे पाहत उभे राहिले. मला वाटलं हे आता फोन माझ्या हातात देऊन चालू लागतील.

"जनावराचं भेव नाही वाटत वं," ते म्हणाले. "सोडलं की ते आपल्या घरी जाते. तू घरून जाऊन राहिली होती. मले भेव वाटलं. चुकलं माहं, अंजू."

"इथं बी माहं घरच आहे, बाबा," ती म्हणाली. "दोन खोल्या आहेत. येऊन पाहून घ्या."

"येतो," भाऊजी म्हणाले. तिने फोन ठेवला.

त्यांनी फोन मला परत दिला, बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, "उमेंद्र, गोंदियावरून पुन्याची गाडी कितीले सुटते?"

मी म्हटलं, "आधी बाईले तं सांगा." पण ते ऐकायला थांबलेच नव्हते. पाय ओढत, घाईघाईने, पाळ उतरायला लागले होते.