भावोजींची भट्टी

दिल्लीच्या मे महिन्यात, पंख्याखाली बसूनही माणूस निथळत असताना, आणखी घाम यावा म्हणून वेगळी वीज जाळणारा गृहस्थ साऱ्या उत्तर हिंदुस्थानात एकच असेल, आणि तो माझ्या मावसबहिणीचा, ताईचा, नवरा आहे. आम्ही त्यांना भावोजी म्हणतो. फरीदाबादच्या एका कारखान्यात ते इंजिनियर होते. आयात खुली झाली तशी कारखान्यात फिनलंडची यंत्रं आली आणि ती शिकून घ्यायला भावोजींना महिनाभर तिकडे धाडलं. यंत्रांबद्दल ते परत आल्यावर फारसं बोलले नाहीत. बोलले ते सॉनाबद्दल. लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी मारायचं, त्या वाफेत बसायचं, मग बर्फगार पाण्यात उतरायचं, मग नुसतं पडून राहायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. "आपल्याकडे गरमी आहे, थंडी आहे," ते म्हणत, "पण नियोजन नाही."

दिल्लीच्या द्वारका भागात तेव्हा सोसायट्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. मेट्रो यायची होती, पाणी टँकरने यायचं. फ्लॅटमधल्या अडगळीच्या खोलीत ताईला देवघर करायचं होतं. भावोजींनी तिथे यंत्रांच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या ठोकल्या. एका फळीवर 'ही बाजू वर' असा इंग्रजी शिक्का होता, त्यातला बाण नेमका जमिनीकडे. पहिल्यांदा शेगडी लावली तेव्हा अख्ख्या जिन्याची वीज गेली. पहिले दगड तापल्यावर फुटले. बाल्कनीत पाण्याची काळी टाकी अर्धी कापून ठेवली होती, तिच्यासाठी ते पालमहून स्कूटरवर गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी आणत. यूपीएससीच्या तयारीला आलेला आमचा लातूरचा एक भाचा रविवारी घरचं जेवण मिळेल म्हणून आला, तर त्याला आधी आत बसवलं. तिसऱ्या फेरीनंतर तो एवढंच म्हणाला, "काका, यापेक्षा प्रिलिम परवडली."

सोसायटीचे सेक्रेटरी, एक निवृत्त पंजाबी गृहस्थ, एका सकाळी दारात येऊन उभे राहिले. "मराठे साहब, लोग बाल्टी के लिए लड़ रहे हैं और आप डुबकी लगा रहे हैं?" भावोजींचं आडनाव मराठे नाही, पण दिल्लीत त्याने काही अडत नाही. भावोजींनी त्यांना शांतपणे पंचा दिला. तासाभराने सेक्रेटरी बिटासारखे लाल होऊन बाल्कनीतल्या खुर्चीत पडले होते. त्यांनी निर्णय दिला तो असा, की टाकीतलं पाणी नंतर बागेतल्या झाडांना घालावं. पुढच्या रविवारी ते आमच्याआधी हजर.

ताई मात्र त्या खोलीत कधी गेली नाही. ती तिला भट्टी म्हणायची.

मग साताऱ्याला मावशी, ताईची आई, वारली. ताई निघाली, गाडी रखडली, ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आल्यावर ती रडली नाही. स्वयंपाक करायची, धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. कुणी विचारलं तर, "मला काय झालंय?" एरवी अखंड बोलणारे भावोजी तिने धुतलेली भांडी पुसून ठेवायचे.

एका दुपारी मी तिथे गेलो तर शेगडी लावलेली होती. बाहेर लूची गरम झळ वाहत होती. "वंदे, थोडा वेळ बस आत," भावोजी ताईला म्हणाले. "तिथे कोणी विचारायला येत नाही."

वाद घालायचंही त्राण नसावं. ती साडीनिशी आत गेली. दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. मग हुंदका, आणि त्यानंतर ते रडणं दाराच्या फळ्यांमधून सलग येत राहिलं. मी उठलो. भावोजींनी माझा हात धरला. "राहू दे," ते म्हणाले.

ती बाहेर आली ती कुणाकडे न बघता सरळ टाकीत उतरली. थंडीने तिचा श्वास अडकला, मग सुटला. भावोजींनी खुर्ची सावलीत ओढली, ती बाहेर येऊन बसल्यावर तिच्या अंगावर चादर घातली.

"आदल्या रविवारी आईचा फोन आला होता," ती डोळे मिटून म्हणाली. "मी म्हटलं, कामात आहे, उद्या करते."

ती झोपली. संध्याकाळपर्यंत भावोजी कठड्यापाशी उभे राहून, आवाज न करता, कबुतरं हाकलत होते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी भावोजींना वाफ आणि गार पाणी दोन्ही बंद केलं. मला वाटलं, फळ्या निघणार. पण मागच्या थंडीत गेलो तेव्हा ती खोली गरम होती. ताई आत होती, एकटीच. भावोजी मफलर गुंडाळून दाराबाहेर स्टुलावर बसले होते, मांडीवर तिचा कोरडा टॉवेल. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी बाजूचं दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं.