गाठ नसलेली चकरी

बल्लारपूरला सोमाजी चाळीस वर्षं खरादावर लाकूडकातकाम करत आले. डेपोतून हळदूचं लाकूड आणायचं, पलंगाचे पाय आणि लाटणी कातायची, अन् चैत्रात महाकालीच्या जत्रेसाठी दोऱ्यावर खाली-वर जाणाऱ्या चकऱ्या करायच्या. अखंड तुकड्यात मधोमध खोल खाच, खाचेतल्या आसाला दोरा, दोऱ्याला पक्की गाठ आणि गाठीवर लाखेचा थेंब. पलंगाचा पाय कोणी कातला हे कोणी विचारत नाही. चकरी मात्र "सोमाजीची" म्हणून विकली जाई. पुढे थंड पेयाच्या झाकणांच्या बदल्यात प्लॅस्टिकचे यो-यो मिळू लागले आणि चकरीला गिऱ्हाईक उरलं नाही.

यंदा चंद्रपूरहून नूतन आली. ती लाकडी खेळणी बाहेरगावी पाठवते. तिनं सोमाजींची चकरी सोडून पाहिली. खाली गेली तशी वर आली. मग पिशवीतला यो-यो सोडला. तो खाली जाऊन तिथंच गरगरत राहिला आणि बोटाला हिसका दिल्यावरच वर आला.

"अशी थांबणारी पाहिजे, भाऊ. हा नमुना ठेवा. शनिवारपर्यंत जमली तर दोनशे नग घेईन, नाई तर राहू द्या."

सोमाजींना ते झोंबलं. त्यांनी आस बारीक केला, कडा जड ठेवल्या, खाच मेणानं घासली. पाच चकऱ्या झाल्या. पाचही टुणकन वर.

"त्या लाकडाले काऊन छळून राह्यले?" त्यांची बायको कलाबाई म्हणाली. "त्या प्लॅस्टिकवाल्याचं पोट उघडून पाहा ना!"

शनिवारी सकाळी त्यांनी यो-योच्या दोन वाट्या पिळून वेगळ्या केल्या आणि गाठ शोधली. गाठ नव्हतीच. दोरा दुहेरी करून पीळ दिलेला, अन् त्याचा फासा आसाभोवती नुसता सैल, आस त्यात मोकळा फिरे.

सोमाजींनी फासा आसावर पुढे-मागे सरकवून पाहिला. "अवं, यानं बांधलंच नाई!"

नूतन आली तोवर त्यांनी एका चकरीची लाख खरवडून गाठ कापली होती आणि दुहेरी दोऱ्याचा फासा खाचेत सरकवला होता. तिच्यासमोर त्यांनी चकरी सोडली. ती खाली गेली अन् तिथंच राहिली. पिवळं लाकूड इतक्या वेगात फिरत होतं की स्तब्ध वाटत होतं. कलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"हे सुचलं कोणाले?" सोमाजींनी हळूच विचारलं.

"फिलिपीन्सकडचे लोक असाच दोरा घालत, म्हणतात. तिकडच्या एका माणसानं शंभरेक वर्षांमागं अमेरिकेत याचा कारखाना काढला, तवापासून जगभर खपून राह्यला. चकरी तर त्याहून जुनी. अडीच हजार वर्षांमागच्या ग्रीक भांड्यावर चकरी खेळणारा पोरगा काढला हाय."

"अन् त्याच्या दोऱ्याले गाठ होती का?"

"तेवढं भांड्यावर दिसत नाई, भाऊ," नूतन हसली. "दोनशे पक्के. डब्यावर सोमाजीची चकरी असं छापू?"

सोमाजींनी चकरी पुन्हा सोडली आणि ती फिरत असतानाच म्हणाले, "छापा, बाई. पण दोरा त्या फिलिपीन्सवाल्यायचा. तेही लिहा."