शेवटची पाटी

पडद्यावर लिहिलं होतं एक आणि मी मोठ्यानं वाचलं भलतंच. आयुष्यभरात मी केलेला सगळ्यात मोठा गाढवपणा हाच. तेव्हा मी सोळा वर्षांची, चौथी पास, आणि तोरा असा की अख्ख्या बाजारकुणंग गावात कागदावरची अक्षरं मला विचारूनच उमटतात! ते वाचलेलं जिच्या कानावर पडलं, ती माझी थोरली जाऊ चंद्राक्का गेल्या महिन्यात गेली. रामनगरच्या स्टँडवर मी मेथीची जुडी निवडत उभी होते. गावाकडच्या बसच्या कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं आणि अक्का सकाळी गेल्या, तशाच बसा म्हणाला. मेथी तिथंच ठेवली आणि बसले. रस्ताभर रडू काही आलं नाही... साठ वर्षांमागचं ते एक वाक्य तेवढं गाडीच्या खडखडाटात पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

चंद्राक्काचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, माझ्या लग्नाच्या आधीच गोव्याकडे गेले आणि तिथून बोटीवर कामाला लागले. मग ना पत्र, ना निरोप. अक्का ना धड सवाष्ण, ना विधवा. आमच्यात अशा बाईला पाट लावायची, म्हणजे दुसरं लग्न करायची, मोकळीक होती. पंचांनी होय म्हटलं होतं, सासूबाईही राजी होत्या. दिग्गी गावच्या एका बिजवरानं विचारणा केली होती. कमी बोलणारा, बैलावर कधी काठी न उगारणारा माणूस. रीत एवढीच, की बाईच्या मनात असेल तर तिनं आपल्या हातानं त्याला विडा द्यायचा. तोंडानं काही बोलायचं नाही. विडा मिळाला नाही तर त्यानंही का म्हणून विचारायचं नाही. लोंढ्याच्या जत्रेला तो येणार होता. निघताना अक्कानं विडा करून पदराच्या टोकाला गाठ मारली, तेव्हा मी दारातच होते. लवंग तिनं दोनदा काढून पुन्हा टोचली.

जत्रेचं सगळ्या घराला कौतुक, आणि मी मात्र तोंड फुगवून बैलगाडीत बसलेली. मला आई नव्हती. सासरी आल्यापासून माझी वेणी अक्का घालायची. भात लावताना पायांना जळवा चिकटल्या की मी बांधावर उभी राहून किंचाळायची, आणि ती कमरेची पानाची चंची सोडून त्यातला चुना बोटानं जळवांना लावायची. पटापट गळून पडायच्या. आधी माझ्या पायांच्या, मग स्वतःच्या. ती दिग्गीला गेली की सासूबाईंच्या तावडीत आपण एकट्या आणि जळवाही एकट्यानंच सोसायच्या, एवढंच त्या सोळा वर्षांच्या टाळक्यात होतं. तिचं वय तेवीस, तिला कोणी हवं असेल, हे त्या टाळक्यात शिरलंच नाही.

जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. मुका सिनेमा, चित्रं हलायची आणि मधेमधे पाट्या यायच्या. पुरुषांच्या बाजूला पाट्या वाचायला तंबूवाल्याचा माणूस होता, पण पेटी-तबल्याच्या गोंगाटात त्याचं आम्हा बायकांपर्यंत काही पोचेना. मग काय, मी उठून उभी राहिले. आजूबाजूच्या पंचवीस बाया माझ्या तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर मला आभाळ ठेंगणं! सिनेमा एका बाईचा होता. तिचा नवरा दूरदेशी हरवतो आणि ती त्याला शोधत निघते. आगगाडी, नाव, डोंगर, धर्मशाळा... पहिल्यांदा ती प्रत्येक ठिकाणी रडते. मग हळूहळू रडणं थांबतं, नदीत पाय सोडून बसते, लोकांच्या पोरांना खेळवते. एका धर्मशाळेत एक माणूस तिला रोज पाणी आणून देतो, एवढंच करतो. माझ्या मागची एक म्हातारी म्हणत होती, "येवढं चालती ही, पायात काटा कसा मोडंना हिच्या?" आणि सगळ्या हसत होत्या. अक्का हसली नाही. मान जराही न हलवता बघत होती.

शेवटी ती बाई एका वाटेच्या तोंडाशी उभी राहते. पलीकडे तो पाणी देणारा माणूस. पाटी आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'गेलेल्याची वाट पाहणे संपले. आता ही वाट माझी.' मी ती डोळ्यांनी वाचली. खाली बसले, अक्काला अगदी चिकटून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तो परत येणार आहे. मी घरी जाऊन त्याची वाट पाहीन." पडद्यावरची बाई वाटेनं चालू लागली आणि बायकांनी डोळे पुसले. मागची म्हातारी म्हणाली, "शाणी बाई हाय." आणि मी, गाढवीण, मनातल्या मनात माझ्या हुशारीवर खूश.

बाहेर तो दिग्गीवाला गाडीशेजारी पटका बांधून उभा होता. अक्का त्याच्यासमोरून गेली. थांबली नाही. त्यानं एकदा बघितलं आणि बैल जुंपायला घेतले. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर तिनं पदराची गाठ सोडली, विडा मधोमध फाडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. वाळून जाईल, खा, म्हणाली. मी तो मिटक्या मारत खाल्ला. ते आठवलं की आजही जीभ कडू होते.

दीर कधीच आले नाहीत. दिग्गीवाल्यानं दुसरा पाट लावला. पुढे जत्रेत पोराला खांद्यावर घेऊन दिसायचा, आणि मी बांगड्यांच्या दुकानात तोंड खुपसायची. अक्कानं माझी चार बाळंतपणं केली, माझी पोरं तिलाच आई म्हणाली. हल्ली नातवंडं मला टीव्हीवरच्या सिनेमाचा शेवट सांगू देत नाहीत. आजी थापा मारते म्हणतात. मी हसते. त्यांना काय माहीत, एक थाप केवढ्याला पडली ते... अक्का गेली त्या दिवशी गावात पोचले तेव्हा ओसरीवर बायका अडून बसल्या होत्या, हिला सवाष्ण म्हणून हिरव्या बांगड्या घालायच्या की नाही. कोणी ठरवेना. वाट बघायला मीच लावलं होतं. बांगड्या मीच भरल्या.

तिची चंची आता माझ्या कमरेला असते. मी पान खात नाही, दात कुठायत? पण चुन्याची डबी उघडते, बोट लावते, पुन्हा मिटते. याच चंचीतली सुपारी ती कातरत बसली होती, दोन वर्षांमागच्या शिमग्यात, तेव्हा मी तिला शेवटी सगळं सांगून टाकलं. पाटीवर काय होतं, मी काय वाचलं, का वाचलं. अडकित्ता थांबला नाही. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"मला म्हाईत हाय गो. वाचाय येत न्हाई म्हणून डोळं फुटलं व्हतं व्हय माझं? ती बाई फुडं चालली व्हती, आणि तू म्हणतीस घरला चालली. पर वाचताना तू माझा पदर धरला व्हतास, धाकटे. विड्याची गाठ तुझ्याच मुठीत व्हती. कशी सोडवून घिऊ?"