वेंडाम

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आईपाशीही नाही — आणि मामा तर तिचे सख्खे भाऊ.

आमच्या घरी चळवळीची पत्रकं यायची. वाटून उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली. विशीत स्वतःच पत्रकं लिहू लागले. परमुलखात घुसणाऱ्या फौजांविरुद्ध नाशिकच्या चौकात घसा फोडून बोलले. धीट पोरगी, म्हणायचे लोक. धीट?

मामा फौजी. तरुणपणी त्यांना समुद्रापलीकडच्या देशात नेलं होतं — शांतता राखायला, असं सांगून. तिथून ते पदक घेऊन आले. निफाडजवळच्या आमच्या गावात त्या पदकाचा केवढा मान! पंगतीत पहिलं पान मामांचं.

गावाने सत्कार ठरवला, तेव्हा द्राक्षबागेत ते मला म्हणाले, "तायडे, भाषण तू लिहून दे. पण खरं लिही. लय झालं आता."

आणि सांगितलं. एका घराची झडती. अंगणात एक बाई, दोन्ही हात पुढे करून एकच शब्द ओरडणारी — वेंडाम, वेंडाम. मामांना वाटलं, आतल्यांना इशारा देतेय. त्यांनी गोळी झाडली. आत हत्यारं सापडली, म्हणून पदक. शब्दाचा अर्थ पुढे तळावरच्या आचाऱ्याने सांगितला.

वेंडाम म्हणजे नको.

"एवढा एक शब्द गावाला सांगायचाय," मामा म्हणाले.

मी लिहायला बसले. डोळ्यांपुढे कोण आलं असेल? चौकातले अनोळखी चेहरे नव्हेत — ज्यांच्या ओट्यांवर मी वाढले, ती माणसं. ती मला काय म्हणतील? फितूर? मी शौर्य लिहिलं. तिरंगा, छाती, माती. बाई गाळली. शब्द गाळला. कागद सत्काराच्या सकाळी मामांच्या हाती दिला. त्यांनी घडीसुद्धा उघडली नाही — मी लिहिलं होतं ना.

स्टेजवर ते एकसुरात वाचत गेले. शेवटाला आले आणि थांबले. कागद उलटला. पाठ कोरी होती. पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटला.

"दारूगोळा संपला का, फौजी?" कुणीतरी ओरडलं. मांडव हसला.

"जय हिंद," मामा म्हणाले. टाळ्या थांबेनात.

खाली उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. रागावले असते तर — पण नाही. हळूच विचारलं, "वरून ऑर्डर आलती का गं तुला?"

मी 'हो' म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे. ऑर्डर म्हणल्यावर तुझा काय दोष?" आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जी माफी त्यांनी स्वतःला जन्मभर दिली नाही, ती मला एका क्षणात देऊन टाकली. मी ती घेतली.

मामांनी तो विषय पुन्हा काढला नाही. गेल्या थंडीत ते गेले. वेशीच्या कमानीवर आता त्यांचं नाव आहे, खाली माझ्याच भाषणातली एक ओळ.

मला कुणीही ऑर्डर दिली नव्हती.