रांगेत बाटल्या, पार्कात मी

मुंबईला थंडी नसते असं म्हणणारे लोक पहाटे पाचला कधी उठलेले नसतात. पौषात आमच्या दादरच्या चाळीची फरशी अशी गार पडे की अनवाणी पाऊल टेकवताना तोंडात शिवी येई. मी ती गिळून टाकत असे, कारण मुलींनी शिव्या द्यायच्या नसतात. मुलींनी पुष्कळच गोष्टी करायच्या नसतात, त्यातलीच एक म्हणजे धावणं.

मी पंधरा वर्षांची होते. जानेवारीअखेर सगळ्या शाळांची मिळून धावण्याची शर्यत होती आणि आमच्या खेळाच्या बाईंनी मला निवडलं होतं. त्यांनी बजावलं होतं, "रोज पार्काला दोन फेऱ्या. एक दिवस चुकवलास तर मला तोंड दाखवू नकोस." मी एकही दिवस चुकवणार नव्हते. त्या वयात मला दुसरं काहीच नको होतं.

पण धावायला जाते असं सांगून घराबाहेर पडायची सोय नव्हती. दुधाला जाते म्हणून मात्र होती. सरकारी दूध केंद्रावर उजाडायच्या आधी रांग लागे, आणि त्या रांगेत माणसं कमी, बाटल्याच जास्त असत. तारेच्या जाळीत रिकाम्या बाटल्या ठेवायच्या, जाळी रांगेत मांडायची आणि गाडी येईपर्यंत खुशाल घरी जाऊन चूल पेटवायची. मालक नसला तरी जाळीचा नंबर कुणी हलवत नसे. मी आमची जाळी मांडायची, परकर वर खोचायचा आणि पार्काकडे सुटायचं. परकराच्या आत धाकट्या भावाची खाकी अर्धी चड्डी असे. दोन फेऱ्या मारून परत येईपर्यंत गाडी जेमतेम येत असे.

चड्डीचं आईला तिसऱ्याच दिवशी कळलं. त्या दिवसापासून चड्डी धुऊन, घडी करून माझ्या उशाखाली ठेवलेली असे.

आमचे बाबा ऑफिसात कारकून आणि चाळीत पुढारी. ते वाईट नव्हते, म्हणूनच माझा राग अजून गेलेला नाही. वाईट माणसावरचा राग कधीतरी संपतो. बाबा संध्याकाळी चाळीच्या चौकात स्टुलावर उभे राहून बोलत. "हक्क मागून मिळत नाही, घ्यावा लागतो," असं ते म्हणाले की अंगावर काटा येई. मीही तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून घसा फोडत असे. मला वाटे, हे सगळं माझ्याबद्दलही चाललं आहे. इतकी मी मूर्ख.

मग प्रभातफेऱ्या सुरू झाल्या. बाबा पुढे, हातात झेंडा घेतलेला माझा तेरा वर्षांचा भाऊ त्यांच्या मागे. एका पहाटे फेरी नेमकी दूध केंद्रावरून गेली. बाबांनी आमची जाळी ओळखली, तिच्या मुठीला आईने लाल चिंधी बांधलेली होती. जाळी होती आणि मुलगी नव्हती. बाबा फेरी सोडून जाळीशेजारी उभे राहिले. मी आले ती घामाघूम, परकर कमरेला, भावाची चड्डी साऱ्या रांगेला दिसतेय अशी.

गाडी आली, त्यांनी दूध घेतलं, माझ्यापुढे चालत राहिले. घरात शिरून दार लोटलं आणि मग म्हणाले, "उद्यापासून दूध मी आणीन."

"बाबा, शर्यत आहे माझी."

"दिवस कसले आहेत कळतं का तुला? रस्त्यात पळणाऱ्यावर पोलीस आधी काठी उगारतात, मग विचारतात."

"मग त्याला कसा नेता तुम्ही?" मी भावाकडे बोट दाखवलं.

"तो मुलगा आहे."

"काठीला कळतं का ते?"

"उलट उत्तर नको! शेजारपाजारचे काय म्हणतील याची तरी लाज बाळग."

शेवटी आलंच ते बाहेर. पोलीस राहिले बाजूला, शेजारचे काय म्हणतील हे खरं. ज्यांना सरकारची भीती नव्हती त्यांना समोरच्या खोलीतल्या काकूंची होती.

मी धावणं सोडलं नाही. बाबा फेरीला गेले की मी गच्चीवर जात असे. या टोकापासून त्या टोकापर्यंत अडतीस पावलं, की वळायचं. दवाने फरशी निसरडी झालेली, वारा थेट कानात शिरणारा. खालच्या बिऱ्हाडाने धपधप आवाजाची तक्रार केली, तेव्हा आईने वाळवणाची गोणपाटं आणून अंथरली आणि खाली जाऊन सांगितलं, "मीच मिरच्या कुटते हो." पहाटे पाचला, रोज! चाळीने ते मानून घेतलं. मी चवड्यांवर धावायला शिकले. दात ओठ खाऊन धावत असे, आणि थंडी वाजत नसे ती त्यामुळेच.

मग तो जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवरून सांगितलं गेलं आणि शहर पेटलं. एका सकाळी दोघा शेजाऱ्यांनी बाबांना हाताला धरून वर आणलं. लाठी डोक्यात बसली होती, सदरा गळ्यापासून लाल झाला होता. भाऊ मागून आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. त्याच्या हातातून झेंड्याची काठी सुटेना. मी त्याला दोष देत नाही, तेरा वर्षांचा होता तो. डॉक्टर हमरस्त्यापलीकडे राहत होते. रस्त्यावर पोलीस होते, आणि वर आलेले शेजारी एकमेकांकडे बघत होते.

बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पळ."

मी परकर तिथेच खोचला. जिना, चौक, गल्ली, मग तो रिकामा रस्ता. पलीकडून कुणीतरी ओरडलं, पाठीमागे बूट वाजले. मी बोळात शिरले ती डॉक्टरांच्या दारातच थांबले. म्हातारे डॉक्टर मागच्या वाटांनी माझ्याबरोबर आले. टाके घालता घालता ते म्हणाले, "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं." मला धापसुद्धा लागली नव्हती. दीड महिन्याची मेहनत होती ती.

शर्यत पुढे ढकलली गेली. शाळा उघडल्यावर बाईंनी पालकांच्या सहीसाठी चिठ्ठी दिली. मी ती बाबांपुढे ठेवली तेव्हा डोक्याची पट्टी अजून सुटायची होती. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि परत दिली. "ती वेळ वेगळी होती," म्हणाले. याच माणसाने त्या वर्षी दिसेल त्या निवेदनावर वळणदार सही केली होती. माझ्याच चिठ्ठीपाशी शाई वाळली! शर्यत जिंकली ती मुलगी सरावात माझ्या दहा पावलं मागे असायची. मी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांची मला अजून चीड येते.

नंतरचे चार हिवाळे मी गच्चीवरच काढले. आई मिरच्या कुटत राहिली.

मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. चौकात मांडव घातला, पेढे वाटले. बाबा स्टुलावर चढले आणि त्या सकाळची गोष्ट सांगू लागले. लाठी, रक्त, रिकामा रस्ता. सगळं हुबेहूब. "आणि अशा वेळी," ते म्हणाले, "आमचा चिरंजीव जिवाची पर्वा न करता डॉक्टरांकडे धावला." टाळ्यांचा कडकडाट झाला. भावाला पुढे ओढून हातात नारळ दिला. त्याची मान वर होईना. आईने कठड्यावरचा माझा हात घट्ट धरला, मी खाली उडी मारीन असं तिला वाटलं असावं.

बाबा घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं, "धावले मी होते."

ते फेटा सोडत होते. वर न बघता म्हणाले, "अगं, तुझ्यासाठी स्थळं बघतोय आपण. रस्त्यावरून धावली म्हणून कसं सांगू? आपल्याच घरातलं कुणीतरी धावलं ना? झालं तर."

भाऊ उठला, त्याने तो नारळ माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर निघून गेला. घरात त्या दिवशी मला मिळालेला न्याय तेवढाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चड्डी घातली. वर परकर नेसले नाही. मांडव अजून उभा होता, गॅलरीत लोक दात घासत होते, समोरच्या काकूही होत्या. बाबा तोंड धुऊन वळले आणि पंचा हातात धरून तसेच उभे राहिले. मी बाटल्यांची जाळी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"रांगेत तुम्ही उभे राहा," मी म्हटलं. "मी धावून येते."