कण्यांवर बंदी

ज्या हाताने तुम्ही सभेत टेबलावर मूठ आपटता, त्या हाताने कधी सहा महिन्यांच्या लेकराला घास भरवला आहे का?

मी भरवला आहे. निदान आठ दिवस तसा प्रयत्न केला आहे, म्हणून विचारतो.

मी अक्षरे शिकलो ती पत्रकांवर. वडील अमरावतीतल्या सभांना जात आणि खिशात पत्रके घडी घालून आणत. वडील वारल्यावर तो खिसा माझ्याकडे आला. छापलेले ते खरे आणि ठळक अक्षरांत छापलेले ते अधिक खरे, हा समज तेव्हापासूनचा.

आम्ही धम्म घेतला त्याला सहा-सात वर्षे झाली होती. बाळंतपणाला माहेरी आलेल्या माझ्या ताईला भातकुलीच्या शाळेत मास्तरणीच्या नोकरीचा हुकूम आला. आमच्या गल्लीतल्या बाईला आलेला तो पहिला सरकारी हुकूम. आई लेकराला सांभाळायला तिच्यासोबत जाणार होती. पण ताई दिवसभर शाळेत, आणि लेकीला आईच्या दुधाशिवाय काही माहीत नाही. अकोल्याला कारकून असलेल्या भाऊजींनी मला लिहिले, ‘मुलगी वरचे खात असेल तर तुझ्या ताईने सोमवारी रुजू व्हावे. नसेल तर हुकूम परत करू. रविवारी येऊन पाहतो.’

म्हणजे ताईची नोकरी भाचीच्या तोंडावर अवलंबून होती. मी बाह्या सरसावल्या.

पहिली बंदी उष्टावणावर. शेजारची काकू सांगत आली, की पहिला घास मामाच्या हातचा, तोही मुहूर्त पाहून. मुहूर्त कोणी काढले आणि कोणाला लुटायला काढले, यावर मी तिला अर्धा तास सुनावले.

“झालं तुहं?” ताई म्हणाली. “बरं झालं, लेकरू झोपलं.”

दुसरी बंदी कण्यांवर. भरडलेल्या ज्वारीच्या त्या कण्या पाण्यात शिजवून आम्ही लहानपणी दोन्ही वेळा खाल्ल्या होत्या. आमची पोरे आता कण्यांवर वाढणार नाहीत, असे मी एका सभेत ओरडलो होतो आणि टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडलेला शब्द माणसाने घरात तरी पाळावा.

दवाखान्यातून मी एक पत्रक आणले. मऊ भात, वरणाचे पाणी, अंड्यातला पिवळा बलक, संत्र्याचा रस. मी कोळशाने भिंतीवर वेळापत्रक लिहिले, चमचा उकळला आणि रोज अकराच्या ठोक्याला भाचीसमोर मांडी घालून बसलो.

पहिल्या दिवशी तिने भात माझ्या सदऱ्यावर परत केला. दुसऱ्या दिवशी वरणाचे पाणी चष्म्यावर. तिसऱ्या दिवशी मी पत्रक मोठ्याने वाचून दाखवत होतो, तेव्हा तिने हात घालून त्याचा कोपरा फाडला आणि तोंडात कोंबला. मी बोट घालून तो काढला तर भोकाड पसरले. त्या आठवड्यात तिने माझ्याकडून आवडीने घेतलेली ती एकच वस्तू.

“काहून छळून राहिला तिले?” आई म्हणे.

“आई, हे शास्त्र आहे.”

“शास्त्राले म्हणा, तोंड पुसून घे.”

शनिवारपर्यंत माझी झोप उडाली. ताई मात्र खुशाल सोमवारची पातळे घडी घालत होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

रविवारी भाऊजी सकाळच्या गाडीने आले. त्या दिवशी मी घरातून हललोच नाही. भाची भुकेने रडू लागली, तसा मी भात पुढे केला. तिने ओठ घट्ट मिटले. बलक दिला, तिने तोंड फिरवले. आठ दिवसांत एवढी उपाशी ती कधीच दिसली नव्हती, आणि तरीही नाही म्हणजे नाही.

भाऊजींनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “राहू द्या. लेकराले उपाशी ठेवून कोनती नौकरी? मी हुकूम परत पाठवतो.”

ताईचा हात पातळाच्या घडीवर तसाच थांबला. तिने आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे.

“तुहं वाचन झालं असन तर सरक,” आई म्हणाली, आणि तिने चुलीमागून झाकलेली वाटी काढली.

वाटीत कण्या होत्या. दुधात शिजवून, बोटाने मोडून लोण्यासारख्या केलेल्या. मी सकाळी वाचनालयात जात असे, तेव्हा रोज दहा वाजता वाटीभर कण्या पोटात जात होत्या. अकरा वाजता मी शास्त्र घेऊन बसायचो ते भरल्या पोटासमोर. आज मी घरीच होतो, म्हणून वाटी चुलीमागे अडकली होती.

मी तोंड उघडले.

“उघडलंच हाये तर एक घास तूच खाय,” ताई म्हणाली.

“पण आई, कण्या? आपण काय भोगलं—”

“कण्यायनं का गुन्हा केला रे? तवा दुसरं काई नव्हतं, ते वाईट होतं. आता दूध हाये, अंडं हाये, तेही खाईन ती. तुह्या भाषणाची भीती होती म्हणून लपवलं.”

भाचीने आईच्या बोटावरचा घास गिळला आणि वाटीकडे झेप घेतली. आईने वाटी माझ्या हातात दिली. “जवाईबापूले दिसू दे, कोनाच्याही हातानं खाते.” मी चमचा खाली ठेवला, हात धुतले आणि बोटाने भरवले. वाटी रिकामी झाली.

भाऊजींनी रिकाम्या वाटीत डोकावून पाहिले. मग हळूच आपल्या सासूला म्हणाले, “मामी, अजून हायेत का? मलेही वाढा.”

दारातून काकू खिदळली, “शेवटी मामाच्याच हातचा घास!” मुहूर्त नव्हता, याची नोंद व्हावी.

सोमवारी ताई भातकुलीला रुजू झाली.

तुमच्याकडे माझी एक मागणी आहे. घरातली बाई कामावर निघाली आणि ‘लेकरू खात नाही’ असे कारण कोणी पुढे केले, तर हुकूम परत करण्याआधी त्या लेकराच्या आजीला विचारा, ते काय खाते. मग हात धुवा, आणि वाटी स्वतः उचला.