सायमीचा थकवा आणि सुनेची अळंबी

सायमी तोल्वानेनला आळशी म्हणायची हिंमत तिच्या शत्रूलाही झाली नसती. नवरा एतू युद्धात मारला गेला तेव्हा मुलगा तौनो अजून हाताशी यायचा होता. तिने एकटीने गाई सांभाळल्या, जंगलातून लाकडं ओढून आणली, हिवाळ्यात तळ्यावरचं बर्फ फोडून जाळी टाकली. गावात म्हणायचे, सायमी बसलेली दिसली तर समजावं, आज रविवार आहे आणि आपण चर्चमध्ये आहोत. अशी ही बाई, पन्नाशी गाठायच्या आतच, दूध काढता काढता गाईच्या कुशीला डोकं टेकून डुलक्या घ्यायला लागली.

रात्रभर झोपूनही अंग जड असायचं. विहिरीवरून एक बादली आणली की छाती धडधडायची. पायांना मुंग्या यायच्या, बोटांतून सुई निसटायची. जीभ सोलल्यासारखी लाल झाली होती आणि तिच्यावर काहीही पडलं तरी चरचरायची. पोटात गुरगुर, मध्येच भुकेची कळ, आणि खाल्लं तरी अंगाला काही लागत नव्हतं. चेहरा मेणबत्तीसारखा पिवळट झाला होता.

त्याच सुमारास घरात एकच गोष्ट नवी आली होती. ती म्हणजे सून.

नास्ती पूर्व सीमेवरच्या कारेलिया प्रांतातली. युद्धात तो मुलूख रशियाकडे गेला आणि तिथली माणसं गाठोडी पाठीवर टाकून इकडे आली. तौनो लाकूडतोडीच्या छावणीत कामाला होता, तिथे ती स्वयंपाक करायची. एका शरद ऋतूत तो तिला लग्न करूनच घेऊन आला. आईला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. नास्ती मोकळी, हसरी, बोलघेवडी. सायमीच्या घरात दिवसभरात जेवढे शब्द बोलले जायचे तेवढे ती चूल पेटवतानाच संपवायची. जेवायच्या आधी छातीवर हाताने क्रूस काढायची तोही उजवीकडून डावीकडे. तिच्या माहेरच्या चर्चची तशी रीत होती, पण सायमीला ते आरशात बघितल्यासारखं उलटं वाटायचं.

आणि मग ती अळंबी. नास्ती टोपल्या भरभरून अळंबी आणायची, उकळायची, मिठात घालून बरणीत दाबून ठेवायची. सायमीच्या माहेरी अळंबी गाईंनी खायची वस्तू होती. माणसांत ती खाणारे दोनच प्रकार, एक वेडे आणि दुसरे भुकेने मरायला टेकलेले. तौनो मात्र बोटं चाटून खायचा. सायमी ताटाकडे बघायची, मग सुनेच्या हातांकडे. त्या हातांना जंगलातलं काय विषारी आणि काय नाही ते चांगलं ठाऊक होतं. ज्याला विष टाळता येतं त्याला ते वेचताही येतं, असं तिच्या मनात आलं आणि ते तिथंच बसलं.

एकदा संशय आला की त्याला पुरावे शोधावे लागत नाहीत, तेच चालत येतात. नास्तीने केलेली कॉफी सायमीच्या जिभेला झोंबायची. तौनोला तीच कॉफी गोड लागायची. नास्ती "आई, तुम्ही पडा जरा, मी बघते" म्हणायची, तेव्हा सायमीला वाटायचं, हिला मी आडवीच हवी आहे. आणि गोठ्याच्या किल्ल्या नास्तीने आपणहून कमरेला लावल्या त्या दिवशी तर सायमीला सगळंच कळून चुकलं.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. फक्त सुनेच्या हातचं खाणं बंद केलं. कॉफी तोंडाला लावल्यासारखी करायची आणि पाठ वळली की शेणाच्या बादलीत ओतायची. जेवण एप्रनच्या खिशात जायचं आणि तिथून मुस्ती कुत्र्याच्या पोटात. मुस्ती महिन्याभरात पिंपासारखा झाला. दुसऱ्या कुणाचा संशय तेवढ्यावर फिटला असता. सायमीने मात्र ठरवलं की बाईमाणसासाठी घातलेलं विष कुत्र्याला चढायला वेळ लागत असेल.

स्वतः ती कोठीत लपून जेवायची. कोठीची किल्ली तिने सोडली नव्हती. तिथे तिचं स्वतःच्या हातचं अन्न होतं. लांब तोंडाचा पाइक मासा, रात्रभर मिठात ठेवून तसाच पातळ कापलेला. आणि हनुवटीला एकच मिशी असलेला एक मासा भर हिवाळ्यात बर्फाखाली जाळ्यात यायचा, त्याची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी. कच्चीच, वर चिरलेला कांदा आणि मीठ, काळ्या पावावर थापून. आई तशी खायची, आजी तशी खायची. त्या अन्नाला सुनेचा हात लागलेला नसायचा. सायमी दार लावून पोट भरून खायची, आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती.

शेवटी तिने लोव्हीसाला बोलावलं. लोव्हीसा म्हातारी गावोगाव फिरून तुंबड्या लावायची. सौनाच्या, म्हणजे लाकडी न्हाणीघराच्या वाफेत बसवायची, पाठीवर बारीक चिरे द्यायची, वर गाईची शिंगं लावून तोंडाने ओढायची आणि वाईट रक्त काढून टाकायची. तिने सायमीची पाठ बघितली, शिंगात उतरलेलं रक्त उजेडाला धरलं.

"सायमे, हे रक्त आहे की बीट धुतलेलं पाणी?" तिने विचारलं. "तुझ्या घरात नवं माणूस आलंय ना?"

"आलंय."

"मग मला कशाला विचारतेस?"

एवढं बोलून लोव्हीसाने आणखी दोन शिंगं लावली. मुळातच कमी असलेलं रक्त तिने आणखी कमी केलं. सायमी सौनाच्या पायरीवर आली आणि कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा नास्ती तिला पाठुंगळी घेऊन अंगणातून चालली होती, आणि तिच्या खांद्यावरूनच सायमी पुटपुटत होती, "सोड मला. तुला ओळखलंय मी. सोड."

नास्ती थांबली नाही. घरात नेऊन तिला पलंगावर ठेवलं, पांघरूण घातलं आणि मग तौनोला म्हणाली की आईंना मोठ्या डॉक्टरकडे नेल्याशिवाय मी या घरात चूल पेटवणार नाही. तिलाही तिच्या परीने संशय होताच. आपल्याला हाकलून द्यायला सासूने आजाराचं सोंग घेतलंय, असं तिला हिवाळाभर वाटत होतं. पण पाठीवर घेतलेली बाई वाळक्या पेंढीएवढी हलकी लागली, तेव्हा हे सोंग नाही हे तिला कळलं.

कुओपिओच्या इस्पितळात जायला सायमी लगेच तयार झाली. तौनोला त्याचं नवल वाटलं. त्याला ठाऊक नव्हतं की आईने गाठोड्यात एक बाटली लपवलीय. अर्धी बाटली नास्तीच्या हातची कॉफी, आणि सोबत चिंधीत बांधलेला अळंबीचा लगदा.

डॉक्टर मध्यम वयाची, चष्मेवाली बाई होती. तौनोला बाहेर बसवल्यावर सायमीने बाटली टेबलावर ठेवली आणि हळूच सांगितलं की यात काय घातलंय ते तपासा. डॉक्टर हसल्या नाहीत. बाटलीचं बूच काढून त्यांनी वास घेतला, ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "जीभ दाखवा."

जीभ पाहिली. डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर सायमी झाडासारखी डोलली. मग डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "तळ्याकाठी राहता ना? मासे कसे खाता?"

सायमीला वाटलं, ही विषय बदलतेय. तरी तिने सांगितलं.

"गाबोळी कच्ची?"

"मग काय शिजवून घाण करायची तिची?"

हा त्रास कधीपासून, असं विचारल्यावर तिने ताबडतोब उत्तर दिलं, सून आली तेव्हापासून. पण डॉक्टरांनी आधीच्या उन्हाळ्याबद्दल विचारलं, गवतकापणी कशी झाली म्हणाल्या, आणि सायमी बोलता बोलता अडखळली. त्या गवतकापणीला ती भर दुपारी गंजीआड जाऊन झोपली होती. दोनदा. पायांत मुंग्या तेव्हाही होत्या. नास्ती तेव्हा दूरच्या छावणीत रटरटणारा रस्सा ढवळत होती आणि तिला सायमीचं नावही माहीत नव्हतं. इतक्या सरळ गोष्टीचा आपल्याला विसर कसा पडला, हे तिला कळेना.

तपासणीत निघालं ते विष नव्हतं. पोटात माशातून आलेला लांब चपटा जंत, पट्टकृमी होता. डॉक्टरांनी समजावलं की या तळ्यांच्या मुलखात तो पुष्कळांना असतो आणि बहुतेकांना काही होत नाही. पण काहींच्या आतड्यात तो अशा जागी ठाण मांडतो की अन्नातलं ब-बारा जीवनसत्त्व माणसाच्या आधी तोच गिळतो. ते नसलं की रक्त बनत नाही, नसा सुकतात, जीभ सोलते. म्हणजे तुम्ही जेवत होता आणि पोट दुसऱ्याचं भरत होतं.

नेच्याच्या मुळीचं कडूजहर औषध दिल्यावर तो बाहेर पडला. परिचारिकेने भांडं दाखवलं. पांढुरक्या फितीसारखा, गुंडाळीवर गुंडाळी, घोडागाडीला बांधायच्या दोराइतका लांब. सायमीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग त्या जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली. आठवड्याभरात तिला खरी भूक लागली आणि इस्पितळाची बेचव खीर तिने दोनदा मागून घेतली.

इतकं झालं तरी संशयाचं मूळ खोल असतं. घरातल्या सगळ्यांना तपासा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तौनोच्या पोटातही कृमी निघाला, पण तो ठणठणीत होता. नास्ती साफ होती. घरी परतलेल्या सायमीने हे ऐकलं आणि तिचे डोळे पुन्हा बारीक झाले. मला झाला, माझ्या मुलाला झाला, हिलाच तेवढा कसा नाही?

हे ती या वेळी मनात ठेवू शकली नाही. चुलीपुढे बसलेल्या सुनेला तिने सरळ विचारलं.

नास्तीने हातातली पळी खाली ठेवली. "आई, मी कच्चा मासा खात नाही. आमच्याकडे मासा भट्टीत भाजतात, काटेसुद्धा मऊ होईपर्यंत. मी हिवाळ्यात केला होता तसा. आठवतो?"

सायमीला आठवला. तोही मुस्तीने खाल्ला होता.

"कुत्र्याला घालत होता तुम्ही," नास्ती म्हणाली. "आणि कॉफी शेणात. बादली मीच धुवायचे, आई. मला वास येत नसेल का?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी विष घालत नाही, असं? आधीच रशियन म्हणत गावात आमच्यावर थुंकतात. मी बोलले असते तर तुमची खात्रीच पटली असती."

माफी मागायची भाषा सायमीला कुणी शिकवली नव्हती, आणि नास्तीनेही ती मागून घेतली नाही. सून रागावलेली होती आणि बरेच दिवस रागावलेलीच राहिली. बोलघेवडी बाई सासूपुढे मोजकं बोलायला लागली. आता त्या घरात सायमीला शांतता मिळाली होती, आणि ती तिला खायला उठायची.

तब्येत सुधारली, पण पूर्ण नाही. उशीर झाला होता. पायांच्या तळव्यांत जाणीव परत आली नाही. पुढे आयुष्यभर ती जमिनीकडे बघत चालायची आणि अंधारात भिंत धरायची. बोटांची पकडही परतली नाही, जाळी विणायची राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या वर्षी नास्तीची आई पलागा, जी तोवर पश्चिमेकडे कुणा परक्याच्या घरी एका कोपऱ्यात दिवस काढत होती, तिला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. तौनो आईसमोर विषय काढायला चाचरत होता. सायमीनेच एके सकाळी भट्टीच्या उबदार भिंतीलगतचा आपला पलंग रिकामा केला, गादी उन्हात टाकली आणि स्वतःचं सामान मागच्या थंड खोलीत नेलं. नास्ती दारात उभी राहून बघत होती.

"आई, तुमचे पाय गारठतील तिकडे."

"त्यांना कुठे कळतंय," सायमी म्हणाली. "उन्हातली गादी पलंगावर टाकायचीय, उचल ते टोक. आणि तुझ्या आईला सांग, पहाटे मी लवकर उठते, खुडबुड होईल."

नास्तीने गादीचं टोक उचललं.